क्रिएटिनिन वाढलं, ताप आला: किडनी प्रत्यारोपणानंतरचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात ठाणे आणि नवी मुंबईतली पत्रं सर्वांत जास्त, आणि बहुतेकांना रिपोर्टची झेरॉक्स जोडलेली. विचारलंय दोनच गोष्टींविषयी: नव्या किडनीचे रक्तातले आकडे आणि संसर्गाची भीती. खरी अडचण अशी की रिजेक्शन झालं, म्हणजे शरीराने नवी किडनी परकी समजून नाकारली, तरी क्रिएटिनिन (किडनीने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) वाढतं आणि संसर्ग झाला तरी वाढतं. उपाय मात्र एकमेकांच्या उलटे. पहिल्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवतात, दुसऱ्यात बहुधा कमी करतात. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून घरी बसून गोळी कमी-जास्त करायची नाही, आणि आम्हीही इथे ती करायला सांगणार नाही. आकडा कसा वाचायचा आणि कधी धावायचं, एवढं सांगतो.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): माझ्या यजमानांना आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या मोठ्या बहिणीने किडनी दिली. सहा महिने क्रिएटिनिन १.२ वर टिकून होतं. गेल्या सोमवारी घराजवळच्या लॅबमध्ये १.४५ आलं. घाबरून गुरुवारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये केलं, तर १.२५. कोणतं खरं धरायचं?

उत्तर: दोन्ही खरी असू शकतात. क्रिएटिनिन मोजायच्या दोन पद्धती आहेत. जुनी जॅफे पद्धत पिक्रिक ॲसिडशी येणाऱ्या रंगावरून मोजते. रक्तातली वाढलेली साखर, कीटोन, काही सेफॅलोस्पोरिन अँटिबायोटिक्स हेही तिथे रंग देतात आणि आकडा थोडा वर दिसतो. दुसरी एन्झाइमची पद्धत या बाबतीत जास्त नेमकी आहे. रिपोर्टवर चाचणीच्या नावाखाली बारीक अक्षरांत पद्धत छापलेली असते, ती बघा. दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असतील तर त्यांचे आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

मग शरीराकडून येणारा फरक. एकाच माणसाचं एकाच लॅबमधलं क्रिएटिनिनही दर वेळी पाचेक टक्क्यांनी हलतं. रविवारी रात्री मटण आणि सोमवारी सकाळी रक्त, असं झालं असेल तर आकडा चढणारच, कारण मांस शिजताना त्यातल्या क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं आणि ते थेट रक्तात उतरतं. पाणी कमी प्यायलं, जुलाब झाले, जिममधली क्रिएटिन पावडर घेतली, तरी तेच. आणि एक औषध बरेचदा विसरलं जातं: न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया होऊ नये म्हणून दिलेलं कोट्रायमॉक्झाझोल. त्यातलं ट्रायमेथोप्रिम किडनीच्या नलिकांमधून क्रिएटिनिन बाहेर टाकायची वाट अडवतं. गाळणी शाबूत असते, आकडा तेवढा वाढतो.

एवढी कारणं असली तरी १.४५ कडे दुर्लक्ष करू नका. प्रत्यारोपणानंतर लॅबची छापील नॉर्मल मर्यादा बाजूला ठेवायची. आपला स्वतःचा टिकलेला आकडा हाच पाया. त्यावर २० ते २५ टक्के वाढ, किंवा ०.३ ची वाढ, ही दखल घ्यायची पायरी. तुमच्या यजमानांसाठी ती १.५ च्या आसपास येते, म्हणजे १.४५ उंबरठ्यावरच. अशा वेळी आठवडाभर थांबायचं नाही. एक-दोन दिवसांत, नेहमीच्याच लॅबमध्ये, आदल्या रात्री साधं जेवण आणि पुरेसं पाणी घेऊन पुन्हा करायचं. तुम्ही लॅब बदलली ही चूक, पण चाचणी लगेच पुन्हा केली हे बरोबर. पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलच्याच लॅबमध्ये एकदा परत करा आणि इथून पुढे एकच लॅब धरा.

खालच्या आकड्यांत लहान वाढ मोठी असते, हेही समजून घ्या. पंचेचाळिशीच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.० वरून १.५ झालं तर सूत्राने काढलेला गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, साधारण ९५ वरून ५८ वर येतो. तेच ३.० वरून ३.५ झालं तर २५ वरून २१. दोन्हीकडे वाढ अर्ध्याचीच, पण पहिल्या माणसाने कितीतरी जास्त गमावलं.

तपासणी किती वेळा, असं तळटीपेत विचारलंय. साधारण प्रघात असा: दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात आठवड्यातून दोन-तीनदा, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दर आठवड्याला, सहाव्या महिन्यापर्यंत पंधरवड्याने, वर्ष होईपर्यंत महिन्याने, पुढे दोन-तीन महिन्यांनी. एक वही करा. तारीख, लॅब, क्रिएटिनिन, टॅक लेव्हल (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाचं रक्तातलं प्रमाण), पांढऱ्या पेशी, पोटॅशियम, साखर, लघवीतलं प्रोटीन, आणि शेवटच्या रकान्यात त्या आठवड्यात काय वेगळं झालं ते: सर्दी, जुलाब, नवं औषध, प्रवास. व्हॉट्सॲपवर विखुरलेल्या पीडीएफपेक्षा ही दोनशे पानी वही डॉक्टरांच्या जास्त कामाची.

प्रश्न (कोपरखैरणे): आईचं क्रिएटिनिन १.१, पण एका पॅकेजमध्ये सिस्टॅटिन सी केलं तर त्यावरून ईजीएफआर बराच कमी दाखवला. कोणी चुकलं का?

उत्तर: चाचणी चुकलेली नाही, पॅकेज चुकलं. सिस्टॅटिन सी हेही किडनीचं काम अजमावायचं रक्तातलं प्रथिन; ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं हा त्याचा फायदा; अगदी कृश माणसात ते उपयोगी पडतं. पण प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने, जास्त चरबीने, थायरॉइड वाढल्याने आणि शरीरातल्या सुजेने ते किडनीचा संबंध नसतानाही चढतं. तुमच्या आई रोज स्टेरॉइड घेत असणार. त्यांच्या डॉक्टरांनी मागितलं तरच करा.

प्रश्न (ऐरोली): प्रत्यारोपणाला पाच महिने झालेत. परवा १०१ ताप आला. जवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं: सीआरपी ९, पांढऱ्या पेशी ६,२००. "व्हायरल आहे, तीन दिवस बघू" म्हणाले. हॉस्पिटलच्या को-ऑर्डिनेटरना फोन केला तर त्या म्हणाल्या, आत्ता निघा. रिपोर्ट चांगला असताना एवढी घाई कशाला?

उत्तर: को-ऑर्डिनेटर बरोबर होत्या. जवळच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते प्रत्यारोपण न झालेल्या माणसाला लागू पडलं असतं.

सीआरपी (सूज किंवा संसर्ग दाखवणारं रक्तातलं प्रथिन) यकृत तयार करतं, पण प्रतिकार करणाऱ्या पेशींनी हाक दिल्यावर. तुमची औषधं नेमकी ती हाक दाबायलाच आहेत. त्यामुळे आत बऱ्यापैकी संसर्ग असतानाही सीआरपी सपक येऊ शकतो. शिवाय तो चढायला वेळ घेतो. सुरुवातीनंतर सहा-आठ तासांनी वाढू लागतो आणि शिखर गाठायला दोनेक दिवस लागतात. ताप आल्या आल्या घेतलेल्या रक्तात तो कमी असणं स्वाभाविक आहे. (एकक बघायला विसरू नका: काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. दहापट फरक पडतो, आणि त्यावरून घरोघरी रडारड झालेली आहे.)

पांढऱ्या पेशींचंही तसंच. स्टेरॉइड त्या वाढवतं, मायकोफिनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारी तुमची दुसरी गोळी) त्या घटवतं. ६,२०० हा या दोघांच्या ओढाताणीतून निघालेला आकडा असू शकतो. आणि नेहमी ९,००० असणाऱ्या माणसाच्या ६,२०० झाल्या, तर ती घटच आहे.

हॉस्पिटलमध्ये प्रोकॅल्सिटोनिन ही संसर्गाची आणखी एक रक्तचाचणी करतील. जिवाणूंच्या संसर्गात ते तीन ते सहा तासांत वाढायला लागतं, म्हणून सीआरपीपेक्षा लवकर बोलतं. त्यालाही खोडी आहेत. गाळण्याचा वेग कमी असेल तर संसर्ग नसतानाही ते जरा वरच राहतं, आणि एटीजी (प्रतिकारशक्ती जोरात दाबणारं इंजेक्शन) दिल्यानंतरच्या काही दिवसांत कारणाशिवाय चांगलंच उसळतं. ते कमी आलं म्हणून सुटलो असंही नाही. सायटोमेगॅलो विषाणू म्हणजे सीएमव्ही, न्यूमोसिस्टिस, बुरशी, क्षयरोग यांत ते कमीच राहू शकतं. आणि पहिला ते सहावा महिना हा नेमका याच मंडळींचा काळ. पहिल्या महिन्यात जखम, कॅथेटर, रुग्णालयातले जंतू. सहा महिन्यांनंतर बहुतांशी बाहेरचे, सगळ्यांना होतात तेच आजार. तुमचा पाचवा महिना.

म्हणून नियम साधा: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला की त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या टीमला फोन, दिवस असो वा रात्र. आधी थर्मामीटरने मोजा, वेळ लिहा, मगच पॅरासिटामॉल घ्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अजिबात नको; टॅक्रोलिमस किडनीत रक्त आणणारी बारीक धमनी आधीच आवळून धरतं, या गोळ्या ती आणखी आवळतात. घरातलं उरलेलं अँटिबायोटिक सुरू करू नका, कारण मग कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या चाचणीत, काही उगवत नाही आणि डॉक्टर आंधळेपणी औषध देत बसतात. प्रतिकारशक्तीची गोळी मनाने बंद करू नका. निघताना औषधांची यादी, वही आणि पुढच्या दोन डोसच्या गोळ्या सोबत ठेवा.

तिथे काय होईल तेही सांगतो, म्हणजे बिल पाहून दचकायला नको. अँटिबायोटिकआधी दोन वेगळ्या जागांवरून ब्लड कल्चर, लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, छातीचा एक्स-रे आणि संशय आला तर सीटी, क्रिएटिनिन, यकृताची एन्झाइम्स, टॅक लेव्हल, सीएमव्ही पीसीआर. पावसाळ्यात मलेरियाची स्लाइड आणि डेंगीचं एनएस१. ताप, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली, जुलाब, यकृताची एन्झाइम्स किंचित वर, असं एकत्र दिसलं की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव सीएमव्हीचं येतं.

ऐरोलीहून संध्याकाळी सहानंतर निघालात तर गर्दीत अडकून वेळ जातो. दुपारी ताप आला तर दुपारीच निघा.

प्रश्न (खारघर): टॅक लेव्हल नेहमी ७ असते. या वेळी १४.३ आली. गोळी सकाळी ९ ला घेतली आणि लॅबचा मुलगा १० ला आला. काळजीचं आहे का?

उत्तर: उत्तर तुमच्याच पत्रात आहे. टॅक्रोलिमसची लेव्हल डोस घेण्याच्या अगदी आधी मोजतात, म्हणजे आदल्या डोसला बारा तास झाल्यावर. गोळीनंतर एक ते तीन तासांत रक्तातलं प्रमाण शिखरावर असतं, आणि तुमचा नमुना चढावरच घेतला गेला. हा आकडा वहीत लिहा, पण पुढे "डोसनंतर" असा शेरा मारा आणि नमुना परत द्या. रात्री ९ ला गोळी घेत असाल तर सकाळी साडेआठ ते नऊच्या दरम्यान रक्त, मग गोळी. दिवसातून एकदाची गोळी असेल तर चोवीस तास मोजायचे. लॅबवाला उशिरा येणार असेल तर गोळी थांबवून ठेवा आणि सोबत न्या. रक्त दिल्यावर तिथल्या तिथे घ्या. नळी जांभळ्या झाकणाची लागते, कारण हे औषध लाल पेशींमध्ये साठतं आणि पूर्ण रक्तात मोजतात.

आता समजा वेळ बरोबर होती आणि तरी १४ आलं. मग आठवायचं: जुलाब झाले का? जुलाबात आतड्याचं अस्तर दुखावतं, औषध अडवणारी यंत्रणा कमी पडते आणि उलट जास्त औषध रक्तात जातं. पोट बिघडलं म्हणजे औषध वाहून गेलं असेल, असं समजून जादा गोळी घेणारे आहेत; तसं कधी करू नका. नवं औषध आलं का? फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल ही लेव्हल चढवतात. फिनाइटोइन, कार्बामेझेपीन आणि सर्वांत जोरात रिफॅम्पिसिन ती पाडतात. ही औषधं सुरू करताना जेवढं लक्ष लागतं, तेवढंच ती बंद करतानाही. आणि गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारं पपनस! ते ग्रेपफ्रूटच्याच जातकुळीतलं, लेव्हल चढवतं. प्रसादाच्या ताटातली फोडही नको. संत्रं-मोसंबीला त्या कारणाने हरकत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच ठिकाणी ८ ते १२ आणि पुढे ५ ते ८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी लेव्हल ठेवतात. तुमचं लक्ष्य तुमचे डॉक्टर ठरवतील. खूप दिवस वर राहिली तर हात थरथरतात, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि साखर वाढते, मॅग्नेशियम उतरतं, आणि संसर्गाला दार उघडतं. कंपनी बदलली तरी लेव्हल हलू शकते. म्हणून केमिस्टने "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं" म्हणून पुढे केलेली पट्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न (नेरूळ): वडील ६० वर्षांचे, प्रत्यारोपणाला नऊ वर्षं झाली. क्रिएटिनिन दोन वर्षं २.१ वर स्थिर. पूर्वी कधी आजारी पडत नव्हते, आता वर्षात तीनदा ॲडमिट: दोनदा लघवीचा संसर्ग, एकदा न्यूमोनिया. किडनी कमी चालते याचा याच्याशी संबंध आहे का?

उत्तर: आहे. या वयात २.१ म्हणजे ईजीएफआर ३५ च्या आसपास. युरिया आणि बाकीचे न गाळलेले पदार्थ साचू लागले की पांढऱ्या पेशींचं जंतू गिळायचं काम मंदावतं, लसींना उत्तर कमी मिळतं. म्हणजे प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली होतीच, आता किडनीनेही तिला खाली ओढलं. शिवाय प्रत्येक मोठा संसर्ग जाताना किडनीचा थोडा वाटा घेऊन जातो. हे चक्र तोडायचं असेल तर फक्त क्रिएटिनिन बघून भागणार नाही.

पुढच्या भेटीत या गोष्टी विचारा. अल्ब्युमिन किती? ३.५ च्या खाली असेल तर पोषण तरी कमी पडतंय, लघवीतून प्रोटीन तरी जातंय, किंवा सूज तरी आहे. तिन्हींत संसर्ग वाढतो. साखर? टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड मिळून प्रत्यारोपणानंतर मधुमेह आणतात. लिम्फोसाइटची (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) टक्केवारी नको, प्रत्यक्ष संख्या बघा. वारंवार न्यूमोनिया होत असेल तर रक्तातलं आयजीजी (जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडी) एकदा मोजतात. ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर ते गंभीर. लघवी पूर्ण होते का, की मूत्राशयात उरते? लघवी केल्यावर सोनोग्राफी करून उरलेली मोजतात. साठीच्या पुरुषात प्रोस्टेट हे कारण डोळ्यांसमोर असून सुटतं, आणि मग वर्षभर अँटिबायोटिक्स बदलत राहतात.

दुसरं म्हणजे डोस. ईजीएफआर उतरला की बरीच औषधं कमी करावी लागतात. सीएमव्ही रोखायचं व्हॅलगॅनसिक्लोव्हिर चांगल्या किडनीत रोज ९०० मिलिग्रॅम. क्रिएटिनिन क्लिअरन्स (गाळण्याचा वेग काढायची दुसरी रीत) ४० ते ५९ असेल तर रोज ४५०. २५ ते ३९ असेल तर दिवसाआड ४५०. जास्त झालं तर पांढऱ्या पेशी कोसळतात. कमी झालं तर विषाणू औषधाला सरावतो. म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच असावं: किडनी बदललेली आहे, ईजीएफआर पस्तीस आहे.

लसींचं वेळापत्रकही तपासा. न्यूमोकॉकलची लस आणि दर वर्षी पावसाळ्याआधी फ्लूची इंजेक्शनची लस. काढे नकोत. प्रतिकारशक्ती "वाढवणारं" काहीही प्रत्यारोपण झालेल्याला वाढवायचंच नसतं, आणि गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी कोविडच्या काळात मुंबईतल्याच डॉक्टरांनी केल्या आहेत.

प्रश्न (कोपरी, ठाणे): पांढऱ्या पेशी २,८०० वर आल्या. डॉक्टरांनी मायकोफिनोलेट अर्धं केलं. आता रिजेक्शनची भीती वाटते.

उत्तर: आधी हिशेब करा. एकूण २,८००, त्यात न्यूट्रोफिल (जंतूंशी आधी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) समजा ५५ टक्के, म्हणजे १,५४०. महत्त्व या संख्येला आहे. १,५०० पर्यंत लक्ष ठेवतात, १,००० च्या खाली औषधांत फेरफार करतातच, ५०० च्या खाली ताप आला तर तातडीने भरती. पेशी पाडणारी औषधं सहसा तीन: मायकोफिनोलेट, व्हॅलगॅनसिक्लोव्हिर, कोट्रायमॉक्झाझोल. अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध) चालू असताना युरिक ॲसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट दिलं तर पेशी भयंकर पडतात. तुमच्या यादीत ही जोडी असेल तर आजच फोन करा. आणि सीएमव्ही स्वतःही पेशी पाडतो, म्हणून त्याचा पीसीआर करतात. रिजेक्शनचा धोका थोडा वाढतो हे खरं, म्हणूनच या काळात क्रिएटिनिन आणि टॅक लेव्हल आठवड्याला बघतात. पेशी वर आल्या की डोस पुन्हा चढवतात. भीतीपोटी स्वतःहून पूर्ण डोस घेऊ नका.

प्रश्न (वाशी): काही त्रास नसताना रक्तात बीके विषाणू २२,००० कॉपी (मिलिलिटरमागे विषाणूंची संख्या) निघाला. उपाय म्हणून औषधच कमी केलं! विषाणूवर औषध देत नाहीत का?

उत्तर: बीके विषाणू बहुतेक सगळ्यांच्या शरीरात लहानपणापासून झोपलेला असतो. प्रतिकारशक्ती जास्त दाबली गेली की नव्या किडनीत जागा होतो. ताप नाही, दुखणं नाही, शेवटी फक्त क्रिएटिनिन वाढतं, आणि तोवर किडनीचं नुकसान झालेलं असतं. म्हणून तक्रारीची वाट न पाहता रक्ताचा पीसीआर पहिले नऊ महिने दर महिन्याला आणि पुढे दोन वर्षांपर्यंत तीन महिन्यांनी करतात. १०,००० च्या वर गेलं की किडनीला इजा होतेय असं गृहीत धरतात. यावर भरवशाचं विषाणूविरोधी औषध नाही. आपल्याच पेशींना थोडी मोकळीक देणं हाच उपाय. साधारणपणे मायकोफिनोलेट अर्धं करतात, टॅकचं लक्ष्य खाली आणतात आणि दोन ते चार आठवड्यांनी मोजत राहतात.

आकडा उतरायला महिने लागतात. २२,००० चे १५,००० झाले तर आनंद नको आणि १५,००० चे २५,००० झाले तर धसका नको; तिपटीच्या आतला फरक चाचणीतलाच असू शकतो. २,००० च्या आसपास आला की खरंच उतरला. आणि हो, लॅब तीच. मधेच क्रिएटिनिन वाढलं तर बायोप्सी सांगतील. नाही म्हणू नका, कारण बीके आणि रिजेक्शन यांतला फरक रक्तावरून कळत नाही.

प्रश्न (बेलापूर): दीड वर्ष झालं. नेहमीच्या तपासणीत लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय, एक लाख कॉलनी. जळजळ नाही, ताप नाही. डॉक्टर औषध द्यायला तयार नाहीत.

उत्तर: योग्य करतायत. पहिल्या दोन महिन्यांनंतर, तक्रार नसताना लघवीत नुसते जंतू सापडले तर औषध देऊन फायदा होत नाही. उलट पुढच्या वेळी कशालाच न बधणारा जंतू उगवतो. ताप, जळजळ, ओटीपोटात बसवलेल्या किडनीच्या जागी दुखणं किंवा क्रिएटिनिनची वाढ असेल तर गोष्ट वेगळी. नमुना मधल्या धारेचा, निर्जंतुक डबीत, तासाभरात लॅबमध्ये. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन प्रकारचे जंतू एकत्र आले असतील तर तो बहुधा डबीत गेलेला मळ.

प्रश्न (कळवा): जुलैत स्टेशनाबाहेर गुडघाभर पाण्यातून चालावं लागलं. पायाला चीर होती. लेप्टोची गोळी घ्यायची का?

उत्तर: घरी पोचताच साबणाने पाय धुवा, चीर झाकून ठेवा आणि त्याच दिवशी टीमला फोन करा. लेप्टोचे जंतू उंदराच्या, गुरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि चिरेतून शिरतात. अशा पाण्यातून गेल्यावर २४ ते ७२ तासांत डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण २०० मिलिग्रॅम एकदा. पण तुमच्या बाकीच्या गोळ्या बघून डॉक्टरांनी सांगितल्यावरच. कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीच्या औषधासोबत घेतलं तर ती गोळी पोटातच अडकते. मधे दोन-तीन तास हवेत.

पुढचा महिनाभर सावध राहा. लक्षणं बहुधा पाच ते चौदा दिवसांत दिसतात. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं. लेप्टोत क्रिएटिनिन वाढतं पण पोटॅशियम बरेचदा कमी किंवा नेहमीएवढंच असतं, ही एक खूण. डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचं आपणहून सांगा. न सांगितल्यास सगळे रिजेक्शन शोधत बसतात.

प्रश्न (सानपाडा): पोटॅशियम ५.६ आलं. रोज एक शहाळं पितो. किडनीला चांगलं ना?

उत्तर: तुमच्या किडनीला नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि टॅक्रोलिमस व कोट्रायमॉक्झाझोल दोन्ही ते शरीरात अडवून ठेवतात. शहाळं आजपासून बंद, आणि हा आकडा आजच डॉक्टरांना कळवा. नमुना हाताळताना लाल पेशी फुटल्या तरी पोटॅशियम खोटं वाढतं, म्हणून ते लगेच परत करतील, बहुधा ईसीजीसह.

प्रश्न (दिवा): भावाला प्रत्यारोपणानंतर दहा महिन्यांनी क्षयरोग निघाला. टीबीचं औषध सुरू केल्यावर दोन आठवड्यांत टॅक लेव्हल ६ वरून १.८ झाली. गोळ्या चुकल्या का?

उत्तर: गोळ्या चुकल्या नसतील. रिफॅम्पिसिन यकृताला टॅक्रोलिमस जाळायच्या कामाला लावतं. टॅकचा डोस दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त वाढवावा लागतो. काही ठिकाणी रिफॅम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन वापरतात, त्याचा जोर कमी. १.८ हा आकडा रिजेक्शनला आमंत्रण आहे, तेव्हा आज वार कोणता ते न बघता कळवा. टीबीच्या केंद्रावर आणि प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांकडे एकमेकांची चिठ्ठी पोचते का ते तुम्हीच बघा; ती आपोआप पोचत नाही. औषध संपल्यावर रिफॅम्पिसिनचा परिणाम दोनेक आठवड्यांत ओसरतो. तेव्हा वाढवलेला टॅकचा डोस तसाच राहिला तर लेव्हल आभाळाला भिडते.

प्रश्न (घोडबंदर रोड): बाल्कनीत कबुतरांची घाण साचली आहे. आणि नातवाला पोलिओचे थेंब द्यायचेत. त्याला जवळ घ्यायचं नाही का?

उत्तर: कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी असते, तिने फुप्फुसाला आणि मेंदूला संसर्ग होतो. बाल्कनी दुसऱ्या कोणीतरी साफ करावी, आधी पाणी मारून ओली करून. सुकी झाडली तर धूळ घरभर होते. नंतर जाळी लावा. तुम्ही तोवर आतल्या खोलीत, दार लावून.

नातवाच्या लसी वेळेवर होऊ द्या, त्यातच तुमचंही संरक्षण आहे. पोलिओचे थेंब ही जिवंत लस, ती बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडते. बालरोगतज्ज्ञांना तुमच्याविषयी सांगून इंजेक्शनच्या पोलिओ लसीचं विचारा. थेंब दिलेच तर महिनाभर त्याचे लंगोट तुम्ही बदलू नका. रोटाव्हायरसच्या लसीनंतरही तेच. गोवराची लस दिली तर काळजी नाही. कांजिण्यांच्या लसीनंतर बाळाच्या अंगावर पुरळ आलं, तर ते सुकेपर्यंत लांब राहा. बाकी मांडीवर घ्या, हात तेवढे धुवा.